बॉबीनला काळा धागा

१९ नोव्हेंबर, लातूर

प्रेम सापडला. रेणापूरच्या अलीकडं एका ढाब्यामागं जुन्या टायरांवर बसला होता. एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलानं भरलेला. ढाबेवाल्यानं त्याला वरणभात खाऊ घातला, नाव विचारलं, गाव विचारलं, घरचा नंबर विचारला. हा गप. शेवटी वैतागून त्यानं पोलिसांना कळवलं, तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडला.

मी मिठी मारली तर मला ढकलून दिलं. आवळून धरलेलं त्याला सोसत नाही हे मला चांगलं माहीत आहे, तरी धरलं. आई ऑटोत रडत होती, मधेच हसत होती. मी सगळ्या रस्त्यानं नुसती चिडत होते, खड्ड्यांवर, ट्रकांवर, ऑटोवाल्याच्या गाण्यांवर.

माझा धाकटा भाऊ विशी ओलांडलेला आहे, आमच्या घरात सगळ्यांत देखणा, आणि बोलत नाही. एक शब्द नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटा बघत चालत सुटतो. मागं कोणी काळजी करत असेल हे त्याच्या गावीही नसतं. निदान मला तरी तसं वाटतं.

२१ नोव्हेंबर

धम्मानंदकाका आले. बाबा गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच. म्हणाले, "वहिनी, एक संस्था हाय. खाणं, औषध, समदं बघत्यात. तुमी किती दिवस पुरणार त्याला?"

आई चहा करायला म्हणून उठली आणि चहा घेऊन आलीच नाही. काका पायरीवर थांबून मला हळूच म्हणाले, "बुद्धप्रिया, पुढच्या टायमाला ढाबेवाला चांगलाच भेटंल असं न्हाई." मला राग आला, पण खोटं काय बोलले ते?

ते गेल्यावर आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. एक टोक प्रेमच्या पायाला, एक खाटेला. गाठ मऊ मारली, दोन बोटं जातील एवढी सैल.

"आई! तो काय शेळी हाय का?"

"मंग तू बस त्याच्यापाशी. मशीन सोडून दिवसभर बसतीस?"

प्रेम पट्टीकडं बघत होता. ओढत नव्हता, ओरडत नव्हता. तेच मला बघवलं नाही.

२४ नोव्हेंबर

लॉकेट केलं, तोडलं. गळ्यात कार्ड घातलं, चावून टाकलं. हातावर पेननं नंबर लिहिला, चाटून पुसला. कपड्यावर छापून आणला, नखानं खरवडून काढला. आई म्हणते माळेगावच्या जत्रेत गोंदणारे बसतात, दंडावर नंबर गोंदवून घेऊ. म्हटलं, त्याला धरायला किती माणसं आणशील? आणि धरून गोंदवायचं म्हणजे काय ग आई?

आज स्वेटशर्ट वाळत घालताना डोक्यात उजेड पडला. राखाडी, टोपीवाला. एप्रिलच्या उन्हातही तो काढत नाही. एक धुतला की घर डोक्यावर घेतो, म्हणून सारखेच दोन आणलेत. आणि मी कोण? अख्ख्या गल्लीच्या ब्लाउजांचे गळे भरणारी बाई! घरात कॉम्प्युटरची एम्ब्रॉयडरी मशीन धडधडतेय आणि मी पेन घेऊन त्याच्यामागं पळत होते. धाग्यानं भरलेला नंबर ना चाटून जातो ना खरवडून.

छातीवर मोठ्या आकड्यांत माझा मोबाइल नंबर. आकडे इंग्रजीत, म्हणजे बीदर-हैदराबादकडं गेला तरी कोणी वाचेल.

२६ नोव्हेंबर

सत्यानाश केला मी.

ब्लाउजपीसला करते तसंच केलं. खाली आधाराला फाडून काढायचा पेपर, वर कापड, फ्रेममध्ये ताणून ताणून बसवलं. मशीन चालू असताना आकडे सुरेख दिसत होते. आई म्हणाली सुद्धा, झालं बघ. फ्रेम सोडली आणि ताणलेलं कापड आखडलं, आकडे सुरकुतले. तीनाचा आठ झाला, सहाचा तर भोपळाच. पेपर फाडताना कडेचे टाके ओढले गेले ते वेगळंच. अशा नंबरवर फोन लावला तर कुणाच्या घरी लागेल देवाला माहीत. आणि देवाचं तर आमच्या घरी नाव नाही.

२७ नोव्हेंबर

सगळं उसवलं आणि त्याच स्वेटशर्टावर खाली जरा सरकून पुन्हा भरलं. या वेळी आत कॉलर ताठ करायचं बकरम इस्त्रीनं चिकटवलं. आकडे ताठ उभे राहिले. प्रेमला घातला. दोन पावलं चालला, अंगातून काढला आणि छाती खाजवत बसला. लाल लाल झाली छाती. मग बकरम उपटायला गेले तर कापडाला भोक.

एक स्वेटशर्ट गेला. एकच राहिला. आता हात लावायची भीती वाटते.

२९ नोव्हेंबर

नांदेडच्या उमादेवींना फोन केला. मशीन घेतली तेव्हा त्यांनीच शिकवलं होतं. मूळच्या देगलूरकडच्या. त्यांच्याकडं शाळा-कॉलेजांचे स्वेटशर्ट भरायला येतात. मी सांगितलं तसं त्या फोनवर ओरडल्याच.

"स्वेटशर्टाला फाडायचा पेपर? अय्यो! ते काय खणाचं ब्लाउज हाय का? ते ताणणारं कापड. पेपर निघून गेला की टाक्याला धरायला मागं कोण राहिलं? कापायचं स्टॅबिलायझर घे, आधाराचं कापड, कडेनं नुसतं कापायचं. ते टाक्याच्या मागं जलमभर राहतंय. आन् वरून ती पाण्यात विरघळणारी पन्नी टाक, न्हाईतर आकडे लोकरीत बुडत्यात."

"आणि फ्रेम?"

"फ्रेममधी नुसतं स्टॅबिलायझर ताण. स्वेटशर्ट त्याच्यावर चिकटवून ठेव, निजलेल्या लेकरावानी. ओढू नकू. तू लई ओढतीस प्रिया, मी तवाच बघितलंय."

सामान एसटीच्या पार्सलनं पाठवते म्हणाल्या. मी प्रेमचं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "घाई करू नकू."

घाई करू नको! आमच्या घरात माणूस खाटेला बांधलाय.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर. आई दर वर्षी प्रेमला घेऊन बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी मेणबत्ती लावायला जाते. त्याला त्या ज्योतींच्या रांगा फार आवडतात, तिथून हलत नाही. काल आई एकटीच गेली. पट्टीची गाठ दोनदा तपासून गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले. जेवताना एवढंच म्हणाली, "बाया विचारत होत्या, प्रेम कुठं हाय."

पार्सल आलंय. स्टॅबिलायझर पांढरं, चिवट, कागदासारखं दिसतं पण फाटत नाही. दिवसभर जवळ घेऊन फिरले, मशीनला लावायचा धीर झाला नाही.

९ डिसेंबर

जमलं! जमलं, जमलं!

जुन्या चादरीवर आधी सराव केला. मग शेवटचा स्वेटशर्ट घेतला. उमादेवींनी सांगितलं तसं नुसतं निजवला, वर पन्नी, लाल धागा. सगळा वेळ मी मशीनच्या बटणावर बोट ठेवून उभी होते. पन्नी ओल्या फडक्यानं पुसली तर गेली विरघळून, आणि खाली आकडे असे ठसठशीत की समोरच्या गल्लीतून वाचावेत. सुरकुती नाही, तीन तीनासारखा, सहा सहासारखा.

एक गाढवपणा झालाच. धांदलीत खाली बॉबीनला, म्हणजे मशीनच्या पोटातल्या रिळाला, काळा धागा राहिला, आदल्या दिवशीच्या ब्लाउजचा. वरच्या धाग्याचा ताणही जास्त. म्हणजे आतल्या बाजूनं पांढऱ्या स्टॅबिलायझरवर सगळा नंबर काळा कुळकुळीत, उलटा, अगदी ओंगळ. गिऱ्हाइकाचा असता तर उसवून पुन्हा केला असता. पण आतून कोण बघतंय? आणि उसवायची हिंमत कुणाची आहे?

आईला म्हटलं, सोड पट्टी. सोडली.

१० डिसेंबर

उलटा घातला.

नंबर आत, मागची घाण बाहेर. मी सुलटा करून घातला, त्यानं काढून पुन्हा उलटा घातला. पुन्हा मी, पुन्हा तो. शेवटी मी इतक्या जोरात ओढला की बाहीची शिवण कर्रकन् बोलली. तो कानावर हात ठेवून कोपऱ्यात गेला. मग मीच रडत बसले.

आई म्हणाली, "त्याला शिवणीच टोचत्यात. लहानपणी बनियन बी उलटीच घालायचा, आठवत न्हाई का?" मला आठवत नाही. मला वाटतं स्टॅबिलायझरच टोचतंय. कडा गोल कापल्या, तरी टोचत असणार. उमादेवी म्हणाल्या, मागून लावायचं एक मऊ कव्हर मिळतं, बाळांच्या कपड्यांना लावतात, इस्त्रीनं बसतं आणि सगळं झाकून टाकतं. ते मागवते म्हणाल्या. तेवढंच आता आशेला.

१४ डिसेंबर

डोकं फिरायची वेळ आलीय. लग्नसराईची ब्लाउजं पडलीत, त्यात आईचा बटणांचा फोन बिघडलाय. मी मशीनवर असले की आईच्या फोनवरून मला फोन येतो. उचलला की कोणी बोलत नाही. आईला विचारलं तर म्हणे मी लावलाच न्हाई, मी भांडी घासायलेय. आज असं तीनदा झालं. एखादं बटण आत रुतलं असेल. मोबाइलवाल्याकडं टाकायला पाहिजे.

प्रेमचं नवीन खूळ म्हणजे कपाटाचा आरसा. जेवणाचं ताट घेऊन सुद्धा आरशापुढंच बसतो. स्वेटशर्ट उलटाच. छातीवर बोट फिरवत राहतो. टोचतंय म्हणूनच ना ते?

१८ डिसेंबर

मऊ कव्हर आलं. रेशमासारखं आहे, गालाला लावून बघितलं. उद्या जळकोटला नवरीची ब्लाउजं पोचवायची आहेत, आल्या आल्या लावते. आई म्हणाली तोवर बांधू का? मी म्हटलं, खबरदार. एका दिवसानं काय होतंय.

१९ डिसेंबर

गेला.

मी जळकोटहून निघतच होते तर आईचा फोन. आठवड्यानं नळ आले होते, ती घागरी भरत होती. परत आली तर दार उघडं. एका दिवसानं काय होतंय, असं मी लिहिलंय वर. माझ्याच हातानं लिहिलंय.

आणि स्वेटशर्ट उलटा. कव्हर पिशवीतच, पिशवी खुंटीला.

२० डिसेंबर

स्टँड, गंजगोलाईचा बाजार, रेल्वे स्टेशन, सगळे ढाबे. रेणापूरच्या टायरांपर्यंत जाऊन आले. पोलिसांत फोटो दिला. काकांनी सगळ्या ग्रुपांवर फोटो आणि माझा नंबर टाकला. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आई पट्टी हातात धरून बसलीय. "मी बांधणार होते," एवढंच म्हणते. ओरडून नाही, अगदी साधं, दुधाचं पातेलं उतू गेल्यावर म्हणावं तसं. आई, मार ना मला. मार.

थंडी वाढलीय. कुठं निजला असेल? त्याला पाणी मागता येत नाही. भूक लागली हे सांगता येत नाही. मी स्वतःला लई हुशार समजत होते, कुठला पेपर, कुठला धागा, अशानं माणूस सांभाळता येतो का?

२१ डिसेंबर

फोन वाजला की पहिल्या घंटीलाच उचलते. "ताई, माझा ब्लाउज झाला का?" मग कोणीतरी म्हणतं उदगीरला दिसला, कोणी म्हणतं शिरूर अनंतपाळच्या बाजारात. काका गाडी काढून दोन्हीकडं जाऊन आले. कोणी नाही. नंबर ग्रुपांवर गेल्यापासून टवाळ पोरांचेही फोन येतात. एक जण म्हणाला, भाऊ जाऊ दे, तू कशी आहेस? त्याला मी ज्या शिव्या दिल्या त्या आईनं पहिल्यांदाच ऐकल्या.

२२ डिसेंबर

सकाळपासून एकाच नंबरवरून दोनदा फोन. उचलला की नुसता श्वास, मागं कुठंतरी हिंदी गाणं. "कोण बोलतंय? बोला ना!" म्हणून ओरडले. काही नाही. दुसऱ्या वेळी शिवी घातली आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला. लोकांना लाज कशी वाटत नाही? इथं माझी लाइन मोकळी राहायला पाहिजे.

आई जेवत नाही. मी पण कशाला जेवू.

२३ डिसेंबर, नांदेड

उमादेवींच्या घरी आहोत. प्रेम खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघतोय.

काल दुपारी वेगळ्याच नंबरवरून फोन आला. म्हातारा आवाज. "बाई, तुमचा कोणी हरवलाय का? राखाडी स्वेटर, उलटा?" आईनंच माझ्या हातातून फोन घेतला. नांदेडला (एसटीतनंच गेला असणार), स्टँडच्या मागं, मल्लिनाथ म्हणून एकांचं कटिंगचं दुकान आहे. म्हणाले, "तुमी माझा नंबर कामून बंद केला? हा गिऱ्हाइकाच्या फोनवरून लावून राहिलोय."

कसे आलो ते आठवत नाही. काकांनी गाडी हाणली. दुकानात तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा. मधल्या खुर्चीत माझा भाऊ, गळ्यापासून पांढरं कापड, केस बारीक कापलेले, दाढी केलेली. त्यानं मला आरशातच बघितलं. मागं वळला नाही. मी त्याला धरलं नाही या वेळी. शेजारी खाली बसले नुसती.

मल्लिनाथमामांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

"परवापासनं दुकानाच्या भायेर उभा ऱ्हायचा. आत बघायचा, जायचा. आज सकाळी सरळ आत आला आन् आरशापुढं बसला. मला वाटलं कटिंग करायची. मी कात्री घ्यायला वळलो तं ह्यानं माझा फोन उचलून बटनं दाबली. मी हिसकून घेतला. थोड्या येळानं पुन्हा उचलला. पुन्हा हिसकला. तिसऱ्यांदा मी गुमान बघत बसलो. ह्याची नजर फोनवर न्हाईच. आरशात बघायचा, एक बटन दाबायचा. पुन्हा आरशात बघायचा, पुन्हा एक. मंग मी बी आरशात बघितलं. पोरी, छातीवर बघितलं तं नुसतं काळं गिचमिड, काय कळंना. आन् आरशात सरळ नंबर! एकेक आकडा मोत्यावानी. ह्यानं लावलेला नंबर अन् आरशातला नंबर एकच. पण तवर तुमी बंद केलता."

मामा सांगत होते आणि मला आमचं कपाट दिसत होतं. जेवणाचं ताट. छातीवर फिरणारं बोट. आईच्या फोनचं बटण रुतलेलं नव्हतं. मी मशीनवर बसलेली असायचे, आणि तो आतल्या खोलीतून मला फोन लावायचा. रोज लावायचा. मी म्हणायचे, कोण आहे, आणि ठेवून द्यायचे.

एकवीस वर्षं आम्ही म्हणतोय, त्याला सांगता येत नाही. काल त्यानं मला सांगितलं, तर मी शिवी घातली.

मी आईला हे सगळं समजावायला लागले तर तिनं मला गप केलं. प्रेमच्या डोक्यावरचे कापलेले केस टिपत बसली. मग मामांना म्हणाली, "भाऊ, जय भीम. तुमाला काय देऊ?" मामा म्हणाले, "मला काय देता? मी दोनदा हिसकून घेतला की फोन."

२४ डिसेंबर

निघताना उमादेवींनी स्वेटशर्ट उलटा-सुलटा करून बघितला. टाक्यांवरून अंगठा फिरवला. मी घाबरत म्हटलं, "काकू, बॉबीनला काळा चुकून राहिला. ताण पण जास्त होता." त्यांनी तो आरशापुढं धरून बघितला. मग विचारलं, "ते मऊ कव्हर लावलं न्हाईस?"

"न्हाई. पिशवीतच हाय."

"नकू लावू," म्हणाल्या.

२७ डिसेंबर, लातूर

काकांचा फोन आला. त्या संस्थेत एक जागा झालीय, विचारत होते. आई म्हणाली, "भाऊजी, नंबर त्यानं लावला. आपण उचलला न्हाई." काका म्हणाले, बरं.

तो पुन्हा हरवणार, हे मला माहीत आहे. भीती गेलेली नाही. रात्री दाराची कडी मी तीनदा बघते. पण पट्टी आईनं गरम भांडी उतरवायला घेतलीय.

आज दुपारी ब्लाउज भरत होते तर फोन वाजला. आईचा नंबर. उचलला. कोणी बोलेना. मशीन थांबवली आणि म्हटलं, "हां प्रेम, मी हाय. बोल." पलीकडं श्वास चालू होता. मी फोन कानाला धरून ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं ठेवला.

मग नवीन राखाडी स्वेटशर्ट काढला. नंबर पहिल्यासारखाच, वरून सुलटा, आतून उलटा, त्याच्या आरशासाठी. फ्रेममध्ये स्टॅबिलायझर, वर स्वेटशर्ट न ओढता निजवला, वर पन्नी, वर लाल. खालची बॉबीन भरलेली होती, पांढऱ्या धाग्याची. ती काढून ठेवली आणि काळी घातली.